लोकाग्रहास्तव पुन्हा शेवटचा

रॉकबुवांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे, कंबर अठ्ठावीस आणि केस काळेभोर. विशीत होते त्याहून काळे. पँट कातडी. ती चढवायला हल्ली दोन माणसं लागतात, पण माणसं पगारी असल्यामुळे बाहेर वाच्यता होत नाही. गळ्यात तीन-चार स्कार्फ. पूर्वी ते नुसते शोभेचे असत, आता घशाला एसीचा वारा लागू नये म्हणून असतात. लांबून फरक कळत नाही. बुवांचं सगळंच असं आहे. सामान जुनंच, उपयोग बदललेला. काळा चष्मा आदल्या रात्रीचे डोळे झाकायला होता, आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलाय. माइकचा स्टँड गरगर फिरवायला होता, आता धरून उभं राहायला आहे. दोन गाण्यांच्या मधे स्टेजमागे गायब व्हायची सवयही तीच. पूर्वी तिकडे कशासाठी जात हे पोलिसांना जाणून घ्यायचं असे, आता युरॉलॉजिस्टला ते आधीच माहीत असतं.

हे बुवा एकटे नाहीत, अख्खी जमात आहे. बॉब डिलन १९४१चा, पॉल मॅकार्टनी १९४२चा, मिक जॅगर १९४३चा, रॉजर डाल्ट्री १९४४चा. विशीत या मंडळींनी म्हातारपणाबद्दल जी काही मुक्ताफळं उधळली, ती आता त्यांच्याच पायात येतात. ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने १९६५ साली ‘माय जनरेशन’ लिहिलं, त्यात म्हातारं होण्याआधी मरण यावं अशी इच्छा आहे. लिहिणारा विशीतला. ते गाणारा डाल्ट्री २०२५ साली, एक्क्याऐंशीव्या वर्षी, अमेरिकेच्या निरोपाच्या दौऱ्यावर होता. पंचेचाळिसाव्या वर्षी ‘सॅटिस्फॅक्शन’ गात बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं जॅगर म्हणाल्याचं सांगतात. त्याची पंचेचाळिशी १९८८ साली आली आणि गेली. विशीत आपण सगळेच काहीबाही बोलतो. पण आपलं बोलणं कोणी रेकॉर्ड करत नाही, आणि पुढची साठ वर्षं रोज रात्री ते आपल्याकडून म्हणवूनही घेत नाही.

मात्र बुवांची खरी अडचण शब्दांची नाही, पट्टीची आहे.

चोविसाव्या वर्षी माणूस स्टुडिओत उभा राहतो. अंगात रग असते, बरोबरचा गिटारवाला त्याला चढवत असतो, आणि तो तार सप्तकात कुठेतरी जाऊन किंचाळतो. टेप चालू असते. झालं. ते किंचाळणं म्हणजे त्या वयात उचललेलं कर्ज; हप्ते ऐंशीपर्यंत. ‘डीप पर्पल’च्या इयन गिलनने १९७० साली ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये आवाज जिथे नेऊन ठेवला, तिथे पुढे त्यालाच जाता येईना, आणि या शतकाच्या सुरुवातीला त्याने ते गाणं कार्यक्रमातून काढूनच टाकलं. लोक अजून ओरडून मागतात, तो देत नाही. त्याच्या त्या नकाराबद्दल मला फार आदर आहे.

आपल्या गवयाला ही पीडा नाही. त्याचा षड्ज त्याच्या मालकीचा. काळी एकमध्ये गात होता तो साठीनंतर पांढरी एकमध्ये गाईल, तानपुरे तसे लावून घेईल, आणि श्रोते म्हणतील, ‘आता गाणं खरं मुरलंय.’ मागे दोन शिष्य बसवले की वरच्या जागा ते घेतात आणि गुरुजी नुसता हात वर करतात. हातालाही दाद मिळते. गंगूबाई हनगल नव्वदी ओलांडल्यावर गायल्या. भीमसेन जोशी २००७च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंच्याऐंशीव्या वर्षी गायला बसले, तेव्हा मांडवातल्या कोणीही १९६५च्या रेकॉर्डशी ताडून पाहिलं नाही. मालकंस भीमसेनजींनी एकदाच गाऊन संपवलेला नव्हता ना. रॉकबुवांनी मात्र त्यांचं गाणं १९७१ साली एकदाच, कायमचं गाऊन ठेवलंय. समोरच्या पन्नास हजारांना त्यातला श्वाससुद्धा पाठ आहे. बुवांची स्पर्धा जगातल्या सर्वांत निर्दय गायकाशी आहे: चोविशीतल्या बुवांशी.

स्वरयंत्रात काय होतं ते बुवांच्या डॉक्टरांनी त्यांना कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलेलं आहे. स्वरतंतूंचा स्नायू वयाबरोबर पातळ होतो, कडा आत वळतात, आणि दोन्ही तंतू मिटताना मधे फट राहते. त्या फटीतून हवा सुटते. भोवतालची कूर्चा हाडासारखी कडक होत जाते. छातीचा भाताही पूर्वीसारखा भरत नाही. शांतपणे बोलायला, नातवाला गोष्ट सांगायला एवढं पुष्कळ आहे. पण रॉकची आरोळी ही पुऱ्या दाबाची गोष्ट. तंतू घट्ट मिटल्याशिवाय ती निघतच नाही. जॉन बॉन जोवीचा एक तंतू आक्रसत गेला, तेव्हा २०२२ साली शस्त्रक्रिया करून, आत रोपण बसवून तो दुसऱ्याशेजारी ढकलावा लागला. तेव्हा तो साठीचा होता. आमच्या बुवांच्या दृष्टीने पोरगाच.

तेव्हा आता बुवा काय करतात ते पाहण्यासारखं आहे. मला तर त्यांच्या उतारवयातली ही कारागिरी तरुणपणच्या किंचाळण्यापेक्षा मोठी वाटते. वरचा सूर लावायला काय, नुसता गळा लागतो. तो न लावता लावल्यासारखं करायला बुद्धी लागते.

पहिला उपाय, गिटारी उतरवणे. अर्धा सूर, मग आणखी अर्धा. काळी चारचं गाणं काळी तीनमध्ये आलं तरी पहिल्या रांगेला पत्ता लागत नाही. लागतो तो फक्त कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या गिटार शिकवणाऱ्या मास्तरांना, आणि ते घरी जाऊन तो लिहून काढतात. पण पट्टी उतरवायलाही मर्यादा आहे. फार खाली गेलं की ड्रमवाला तेवढा तिथेच राहतो आणि बाकीचे सगळे तळघरातून वाजवत असल्यासारखे वाटतात.

मग साथीला तीन तरुण मुली येतात. सुरुवातीला त्या मागे, अंधारात असतात. दर दौऱ्यागणिक त्या दोन-दोन फूट पुढे सरकतात. हल्ली बुवा ‘आ’ करून मान मागे टाकतात आणि सूर तिसऱ्या मुलीच्या तोंडातून येतो. की-बोर्डवरचा एक अबोल तरुण तर फक्त यासाठीच ठेवलेला आहे की बुवांसारखाच आवाज असूनही तो कधी पुढे येणार नाही.

मग ड्रम सोलो. तरुणपणी ड्रम सोलो म्हणजे ड्रमवाल्याचा अहंकार होता. आता तो बुवांचा ऑक्सिजन आहे. अकरा मिनिटांचा सोलो चालू असताना बुवा मागे खुर्चीत बसून वाफ घेतात, आल्या-मधाचं गरम पाणी पितात, आणि नळी तोंडात धरून पाण्याच्या पेल्यात गुणगुणत बुडबुडे काढतात. हा शास्त्रशुद्ध व्यायाम आहे. घशावर ताण न देता तंतू हलते ठेवतो. पूर्वी याच खोलीत काय काय चालायचं त्यावर तीन पुस्तकं निघाली आहेत. बुडबुड्यांवर कोणी लिहीत नाही.

गोष्टी सांगणं हा पुढचा उपाय. १९६७ साली व्हॅन बंद पडली होती आणि चौघे जण एका गोधडीत झोपले होते, ही गोष्ट पूर्वी चाळीस सेकंदांची होती, आता ती सात मिनिटांची आहे, आणि दर वेळी त्या गोधडीत एक नवा प्रसिद्ध माणूस येऊन झोपतो. सात मिनिटं म्हणजे दोन गाणी वाचली. मधूनच नजर पायाशी ठेवलेल्या पडद्याकडे जाते. शब्द तिथे सरकत असतात. स्वतःच्या गाण्याचे शब्द स्वतःलाच वाचून दाखवावे लागतात याची बुवांना लाज नाही. ते म्हणतात, ‘लिहिलं तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो. पाठ कसं असणार?’

आणि शेवटचं ब्रह्मास्त्र: माइक श्रोत्यांकडे. ज्या जागेसाठी लोक आले, ती जागा दोन ओळींवर आली की बुवा पुढे येतात, कानाला हात लावतात आणि माइकचं तोंड फिरवतात. पन्नास हजार माणसं जीव तोडून तो सूर लावतात. त्यातल्या कोणालाही तो लागत नाही, पण पन्नास हजारांनी मिळून चुकवलेला सूर बरोबर ऐकू येतो, हा ध्वनिशास्त्रातला बुवांनी लावलेला शोध. वर बुवा छातीवर हात ठेवून ‘काय गाता हो तुम्ही!’ अशा अर्थाने मान हलवतात, आणि पंधरा हजारांचं तिकीट काढून स्वतःच गायलेला माणूस डोळे पुसतो.

डिलनला यातलं काही करावं लागत नाही. त्याचा आवाज खराब आहे अशी तक्रार लोकांनी १९६२ सालीच करून ठेवली, त्यामुळे पुढे उतरायला काही उरलंच नाही. १९८८पासून तो जो दौऱ्यावर आहे त्याला लोकांनी ‘न संपणारा दौरा’ असंच नाव पाडलं. त्यात तो स्वतःच्या गाण्यांच्या चाली अशा काही बदलतो की तिसऱ्या कडव्यापर्यंत शेजारचा विचारत असतो, हे कुठलं? चाल ओळखूच येत नसेल तर ती चुकली असं म्हणणार कोण? फार दूरदृष्टीचा माणूस.

जॅगरचं प्रकरण याहून निराळं. वडील शारीरिक शिक्षणाचे मास्तर. त्यामुळे मुलाने बाकी सगळे नियम मोडले तरी कवायत मोडली नाही. २०१९ साली त्याच्या हृदयाची झडप बदलली. दीडेक महिन्यात त्याने आरशासमोर नाचतानाचा व्हिडिओ टाकला आणि जूनमध्ये शिकागोला स्टेजवर हजर. २०१४ साली तो पणजोबा झाला आणि २०१६ साली पुन्हा बाप, त्यामुळे घरात कोणी कोणाला काय हाक मारायची याचा एक तक्ता भिंतीवर लावलेला असावा. २०२४ साली रोलिंग स्टोन्सच्या अमेरिकेच्या दौऱ्याला प्रायोजक कोण होतं? पन्नाशीपुढच्यांसाठी काम करणारी तिथली संस्था, एएआरपी. एके काळी ज्यांच्यापासून मुली लपवाव्यात असं पालकांना वाटे, त्यांचा दौरा ज्येष्ठ नागरिकांनी पुरस्कृत केला. यात आपल्याला गंमत वाटते; बुवांना वाटत नाही. त्यांच्याकडे सवलतीचं कार्ड आहे.

निरोपाच्या दौऱ्यांबद्दल मात्र मराठी माणसाला कोणी शिकवू नये. ‘लोकाग्रहास्तव आणखी एक शेवटचा प्रयोग’ ही जाहिरात वाचत आपण लहानाचे मोठे झालो. तरी तिकडच्यांनी या कलेत जी मजल मारलीय ती मान्य केली पाहिजे. ‘द हू’ने पहिला निरोप १९८२ साली घेतला. ऑझी ऑस्बॉर्नने १९९२ साली ‘नो मोअर टूर्स’ नावाचा दौरा काढला, म्हणजे यापुढे दौरे नाहीत. १९९५ साली पुढचा दौरा काढला, त्याचं नाव निवृत्तीला शिवी देणारं. २०१८ साली ‘नो मोअर टूर्स’ भाग दुसरा. ‘स्कॉर्पियन्स’ने २०१० साली निरोप जाहीर केला आणि पंधरा वर्षांनी साठी साजरी केली. ‘ईगल्स’ मंडळी निदान प्रामाणिक. त्यांनी २००३ सालच्या दौऱ्याला ‘फेअरवेल वन’ असं नाव देऊन पुढच्या आकड्यांची सोय आधीच करून ठेवली. फिल कॉलिन्सने आपल्या दौऱ्याला ‘अजून मेलो नाही’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि दौरा लांबला तेव्हा ‘अजूनही मेलो नाही’ असं. त्याच्या ‘जेनेसिस’ने शेवटच्या दौऱ्याच्या नावात ‘लास्ट’ शब्दाबरोबर प्रश्नचिन्हही छापलं.

सगळ्यांवर ताण केली ‘मॉटली क्रू’ने. त्यांनी २०१४ साली पत्रकारांसमोर, कायदेशीर कागदावर सह्या केल्या की पुन्हा दौरा करणार नाही. ३१ डिसेंबर २०१५ला लॉस एंजलिसला शेवटचा कार्यक्रम झाला. लोक रडले. २०१९ साली त्यांनी तोच करारनामा सुरुंग लावून उडवल्याचा व्हिडिओ काढला आणि तिकीटविक्री सुरू केली. आपल्याकडे बिल्डर लोक एवढं तरी करतात का?

हे सगळं पैशासाठी चालतं, असं म्हणणारे आहेत, आणि ते पूर्ण खोटं नाही. रेकॉर्ड विकत घ्यायचे दिवस गेले, ऑनलाइन ऐकण्यातून चिल्लर मिळते, खरा पैसा स्टेडियममध्ये. लेनर्ड कोहेनला तर मॅनेजरने खातं साफ केल्यामुळे सत्तरीनंतर घराबाहेर पडावं लागलं. हा कोहेन आपल्या मुंबईचाही थोडा लागतो. १९९९ साली तो रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला इथे येऊन राहिला होता. २००८ साली तो पुन्हा स्टेजवर उभा राहिला, तेव्हा त्याचा आवाज खर्जाच्याही खाली कुठेतरी गेला होता. लोकांनी तो डोक्यावर घेतला. पण कोहेनने तरुणपणी किंचाळून ठेवलं नव्हतं, हे विसरू नये.

शहाणपणाचं दुसरं उदाहरण रॉबर्ट प्लांटचं. ऑक्टोबर १९७२मध्ये हा जिमी पेजबरोबर मुंबईला आला होता आणि इथल्या सिनेमाच्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड करून गेला. त्या काळात प्लांटचा आवाज म्हणजे उघडा पडलेला उच्च दाबाचा नळ. १० डिसेंबर २००७ला लंडनला या दोघांची ‘लेड झेपलिन’ एका रात्रीपुरती एकत्र आली, तिकिटांसाठी अर्धं जग रांगेत उभं राहिलं. त्यानंतर ‘दौरा करा हो’ म्हणून सगळे विनवत असताना प्लांटने पाठ फिरवली आणि ॲलिसन क्राउसबरोबर हळू आवाजात, तिच्या सुराला सूर लावून गात राहिला. त्या दोघांच्या आधीच आलेल्या तबकडीला २००९ साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. आमच्या बुवांना प्लांटचं नाव काढलेलं आवडत नाही. ते म्हणतात, ‘त्याला जमत नाही म्हणून तो गात नाही.’ आणि तुम्हाला? ‘मला कुठे कळतंय जमतं की नाही. कानात मशीन आहे.’

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आपला फ्रेडी मर्क्युरी या सगळ्यातून सुटला, पण पंचेचाळिसाव्या वर्षी जाऊन सुटणं याला सुटका म्हणत नाहीत. त्याचं ‘क्वीन’ मात्र चालूच आहे. त्याच्या जागी १९८२ साली जन्मलेला ॲडम लॅम्बर्ट गातो.

मुंबईने दोन्ही टोकं पाहिलीत. ७ एप्रिल २००३ला ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स आले, तेव्हा साठीला टेकलेल्या जॅगरला बघून लोक म्हणाले, आता पुन्हा कसले येतात. मे २०२५मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स अँड रोझेस’ आले. ॲक्सल रोज त्रेसष्ट वर्षांचा. त्याच्या वरच्या आवाजाबद्दल चाहत्यांमध्येच दोन तट पडलेले. माझ्या ओळखीचे एक बँकेतले अधिकारी पोटावर ताणलेला काळा टीशर्ट घालून, मुलीला घेऊन गेले होते. मुलगी म्हणाली, ‘बाबा, हा नीट गात नाहीये.’ बाबा म्हणाले, ‘गप्प बस, मला ऐकू दे.’ बाबांना १९९१ सालची कॅसेट ऐकू येत होती. ती डोंबिवलीला, उशाखाली टेपरेकॉर्डर ठेवून, आजोबांना कळू नये इतक्या बारीक आवाजात ऐकलेली. स्टेजवरचा गृहस्थ फक्त कुठलं गाणं लावायचं ते सांगत होता. बुवांच्या धंद्याचं खरं भांडवल हे असे कान आहेत, आणि ते बुवांबरोबरच म्हातारे होत असल्यामुळे तक्रार वाढण्याऐवजी कमी होत जाते.

‘वेळेवर थांबावं माणसाने’ असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. हे वाक्य नेहमी न थांबलेली माणसंच म्हणतात. माझा राग एकाच गोष्टीवर: टेप लावून ओठ हलवणाऱ्यांवर. चिरकलेला, फाटलेला, अर्ध्यात सुटलेला सूर मी हजार वेळा चालवून घेईन. तो निदान त्या माणसाचा, त्या रात्रीचा असतो. टेपवरचा चोविशीतला आवाज आणि वर ऐंशीचं तोंड, हे बघवत नाही. काही बुवा आता तेवढीही तसदी घेत नाहीत. ‘किस’ मंडळींनी २ डिसेंबर २०२३ला न्यूयॉर्कला शेवटचा कार्यक्रम संपवला आणि तिथेच पडद्यावर स्वतःच्या संगणकी प्रतिमा दाखवून जाहीर केलं की यापुढे या गातील. रंग फासलेले चेहरे आधीपासूनच असल्यामुळे त्यांना हे सोपं गेलं.

उलट ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ऑझी. पार्किन्सन्सने उभं राहता येत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसूनच वर आला. ज्या ॲस्टनच्या गल्ल्यांत वाढला, त्या तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. सूर जागोजागी सुटत होता, एका गाण्यात आवाज भरून येऊन पार तुटला, आणि समोरच्या चाळीसेक हजारांनी ती ओळ उचलली. या वेळी त्यांच्याकडे माइक फिरवण्यात काही लबाडी नव्हती. सतरा दिवसांनी तो गेला. त्याच्या निवृत्तीच्या घोषणांवर तीस वर्षं हसणाऱ्यांपैकी मी एक. तो कार्यक्रम मी हसत बघू शकलो नाही.

पण त्याच संध्याकाळी त्याच स्टेजवर स्टीव्हन टायलरही होता, आणि त्याच्यामुळे मी पुन्हा मूळ पदावर आलो. त्याच्या ‘एरोस्मिथ’ने २०२३ साली निरोपाचा दौरा काढला होता, तो सुरू होतो न होतो तोच टायलरचं स्वरयंत्र जायबंदी झालं, हाड मोडावं तसं मोडलं. ऑगस्ट २०२४मध्ये बँडने जड अंतःकरणाने जाहीर केलं की आवाज पूर्ववत होणं शक्य नाही, दौरे कायमचे बंद. जगभर चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली. अकरा महिन्यांनी सत्त्याहत्तर वर्षांचा हा इसम व्हिला पार्कवर स्कार्फ बांधलेला माइक घेऊन अवतरला आणि स्वतःचं गाणं म्हणून भागेना, तेव्हा ‘होल लॉटा लव्ह’ उचललं. प्लांटचं. किंचाळण्यासकट. आणि चांगलं गायला, हे सांगताना माझी पंचाईत होते.

हे मी आमच्या बुवांना सांगितलं आणि म्हटलं, ‘अहो, यांनी तर कायमचं बंद म्हणून जाहीर केलं होतं ना?’ बुवा पेल्यात बुडबुडे काढत होते. नळी तोंडातून काढून म्हणाले, ‘दौरा बंद म्हणाला होता. हा कार्यक्रम होता.’